सात रुपये

डिचोलीच्या स्टँडवर आम्ही अकरा पायलट,
अकरा पिवळे मडगार्ड.
सगळ्यात जुना मी, सगुण,
आणि सगळ्यात नवी गाडी माझी.
हे दोन्ही एकदम कुणाला पचत नाही.

शर्वाणीने घ्यायला लावली.
शोरूममध्ये सीटवर बोट टेकवून म्हणाली,
ही. एबीएसवाली.
मी म्हटलं, एका काळ्या डबीसाठी नऊ हजार जास्त?
माझा एबीएस ह्या दोन बोटांत आहे,
एकतीस वर्षं झाली.
सेल्समन हसला. ती हसली नाही.
हप्त्याचा कागद तिने माझ्यापुढे सरकवला,
मी तिच्यापुढे दुधाचा पेला सरकवायचो तसा.

दोन महिने त्या डबीची आठवणही नव्हती.
किल्ली फिरवली की एक पिवळा दिवा लागायचा,
चाक चार हात पुढे गेलं की विझायचा.
मला वाटायचं, रोज बिघडतो, रोज सुधारतो.

एप्रिल. मये सोडून नार्व्याच्या फेरीकडे उतरत होतो.
मागे दिवाडीची नातिविदाद बाय,
मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे,
एक हात माझ्या खांद्यावर,
खांदा तिच्या बापाच्या मालकीचा असल्यासारखा.
उताराच्या अंगाला काजूची भट्टी.
टेम्पोतून सांडलेले बोंडू चाकांखाली चुरडून
रस्ता गोड, आंबूस, बुळबुळीत.
वास नाकात शिरला
तेव्हा मी त्याच्यावर होतो.

आणि झाडाआडून पोदेर.
सायकल, मागे पावाची टोपली,
पों-पों तेवढं नेमकं वाजवायचं राहिलेलं.

एकतीस वर्षांची दोन बोटं अशा वेळी काय करतात?
सांगतो. आवळतात.
कसब नंतर आठवतं, चहाबरोबर.

मग लिव्हर थरथरला.
टर्र टर्र टर्र, बोटांखाली,
मुठीत जिवंत सुंगट धरावं तसा.
कुणीतरी माझी पकड सोडवत होतं, पुन्हा धरत होतं,
पुन्हा सोडवत होतं,
माझ्या घाबरण्याहून जलद.
चाक अडकलं नाही. गाडी सरळ राहिली.
टोपलीपासून वीतभर अलीकडे थांबलो.
गरम पावाचा वास आला.

कितें जालें रे? बायने विचारलं.
कांय ना, म्हटलं.
खरंच, काही झालं नव्हतं.
ह्या काही-नाहीचे नऊ हजार.

रुजार गेला तेव्हा झालं होतं.
अठ्ठ्याण्णव साल, कोरडी वाळू, पुढचं चाक अडकलं.
त्याचा हात माझ्यापेक्षा हलका, अख्खा स्टँड म्हणायचा.
आम्ही म्हटलं, नशीब.
म्हटलं, घाई केली.
म्हटलं, घेतली असेल थोडी.
बोटांचं नाव कुणी काढलं नाही,
कारण आमचीही बोटं तीच.

फेरीचा धक्का शेवाळलेला.
तिथे डबी गप्प असते,
माणसाच्या चालीने उतरताना तिचं काही चालत नाही.
तिथे बायला उतरवायचं, पाय टेकायचे,
जुन्यासारखं, इंच इंच.
तेही केलं. पाय कापत होते,
पाणी ओलांडून पलीकडे जाईपर्यंत कापत होते.

दिवाडीला बायने ट्रे उघडून मोजला.
एक अंडं फुटलं होतं.
भाड्यातून सात रुपये कापले.
एरव्ही मी फेरी सुटेपर्यंत भांडलो असतो.

परतताना किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला.
मी तसाच बघत बसलो,
मागून रिक्षावाल्याने शिवी घातली.
चार हात पुढे गेलो. विझला.

रात्री शर्वाणीचा फोन.
काय नवीन, तिने विचारलं.
म्हटलं, काही नाही गं,
नातिविदाद बायचं अंडं फुटलं, नार्व्याच्या उतारावर.

ती थोडा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली,
एकच?